दुधनीला न गेलेली बरणी

माझे सासरे माझ्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत, आणि राहत होते माझ्याच घरी.

यात त्यांचा काही दोष नव्हता. मुलीला मूल झाल्याशिवाय बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. महादेवीला, म्हणजे माझ्या बायकोला, मूल झालं नाही आणि लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती तापानं गेली. त्यामुळे मामांना (सासऱ्यांना मी मामा म्हणत असे) माझ्या घरी जेवायला मिळण्याची वाट कायमची बंद झाली. पण रिवाजात ‘जेवायचं नाही’ एवढंच आहे, ‘राहायचं नाही’ असं कुठंच नाही, ही पळवाट मामांनी शोधून काढली होती.

मी तेव्हा सोलापुरात एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. भाड्याच्या दोन खोल्या, भिंतीपलीकडे विणकरांच्या मागांची दिवसभर खटखट, आणि वेळ कळायला गिरणीचा भोंगा. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात माझी चूल, दुसऱ्या कोपऱ्यात मामांची. माझी घागर वेगळी, त्यांची वेगळी. दोघं एकाच वेळी चुली पेटवून बसायचो आणि दोघांच्या धुरानं एकमेकांना दिसेनासे व्हायचो. आवाजावरून मामा कुठं आहेत ते कळायचं.

मामांच्या हातचं खायला मला मात्र काही आडकाठी नव्हती. त्यांच्या भाकरीला पदर सुटायचा, माझ्या भाताची खळ व्हायची. पण माझाही एक ताठा होता. आपल्या घरात आपण आपलं शिजवावं, सासऱ्यापुढे ताट पसरू नये. म्हणून मी रोज भात करायचो, रोज तो गल्लीतल्या कुत्र्यांना घालायचो, आणि रोज मामा अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी माझ्या ताटात सरकवायचे. (शेवटी शेवटी कुत्रीही माझ्या भाताकडे फिरकेनाशी झाली होती. त्यांच्यापुढे काही ताठ्याचा प्रश्न नसतो.)

मामा आले होते बरणी न्यायला. बाई मूलबाळ नसताना गेली तर तिच्या माहेरची चीज माहेरी परत करायची, म्हणून तिची लुगडी आणि वाळे मी आधीच पोचवले होते. राहिली होती ती रुखवतातली चिनी मातीची बरणी. मांडीएवढी उंच, दुधासारखी पांढरी, आणि तिच्यावर निळ्या रंगात एक पूल, एक होडी आणि पाण्यात काठी घालून बसलेला टोकदार दाढीचा एक म्हातारा. मामांच्या वडिलांना ती मुंबईच्या कुठल्याशा व्यापाऱ्यानं भेट दिली होती म्हणे. तो म्हातारा उघडउघड मासे धरत होता. पण आम्ही लिंगायत, घरात मासे धरणारा माणूस कसा चालेल? म्हणून मामांच्या घरी पूर्वीपासून ठरलेलं होतं की तो काठीनं पाण्याची खोली बघतोय. महादेवी बरणीत शेंगाचटणी ठेवायची. ती गेल्यावर बरणी रिकामीच राहिली, पण झाकण उघडलं की लसणाचा वास यायचा. मी अधूनमधून उघडायचो. मामाही उघडत असावेत, कारण झाकण दर वेळी वेगळ्या बाजूला फिरलेलं असे.

तर मामा बरणी न्यायला चार दिवसांसाठी आले. मामांची दुधनी काही काशी-रामेश्वर नव्हे. सोलापूरला गाडीत बसलं की शेंगा खाऊन संपायच्या आत दुधनी. पण आले तेव्हा उन्हाळा होता. मामा म्हणाले, उन्हात चिनी माती तडकते. मग पाऊस लागला. स्टेशनापासून मामांच्या घरापर्यंत चिखल, बैलगाडी घसरली म्हणजे? पाऊस सरला तर सुगी, गाड्यांना पोत्यांची गर्दी. सुगी झाली तर सिद्धेश्वराचा गड्डा, जत्रेच्या गर्दीत बरणी न्यायची म्हणजे वेडेपणाच. गड्डा आटोपला की पुन्हा उन्हाळा हजर! मी दर वेळी गंभीरपणे मान हलवायचो आणि म्हणायचो, "खरंय मामा, घाई नको."

दुधनीला त्यांचं काय होतं? मामी कधीच गेल्या होत्या. अडत पुतण्याच्या ताब्यात, घर पुतण्याच्या बायकोच्या. आणि इथं माझं तरी काय होतं? शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून मी कौलांवर धूर दिसतो का ते बघायचो. धूर दिसला की मग सावकाश घरी जायचो, वाटेत कोणाशी तरी उगाच बोलायचो. ते यायच्या आधीचे महिने मला आठवायचे. त्या महिन्यांत मी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून मुलांच्या वह्यांतली चित्रं दुरुस्त करत असे. वर्गात मुलांनी काढलेले आंबे होते, घरी काहीच नव्हतं. हे आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. सासरा-जावयानं बोलायच्या गोष्टी ठरलेल्या असतात, त्यांत ही बसत नाही. आमचं सगळं बोलणं बरणीवर चालायचं.

असं सगळं सुरळीत चालू असताना माझ्या कलेनं घात केला. बरणीचं एक मोठं रंगीत चित्र मी काढलं होतं, ते शाळेच्या सभागृहात लावलेलं होतं. बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून एका गिरणीतले विणाई खात्याचे साहेब आले, पेस्तनशेठ. चिनी माती आणि काचेचे शौकीन. त्यांच्या बंगल्यात माणसांना बसायला कमी आणि बरण्यांना जागा जास्त, अशी ख्याती होती. ते चित्रापुढे थांबले ते हलेनातच. मला बोलावून म्हणाले, "मास्तर, हा बरणी तू मनानं काढला, का खरा आहे?"

खरी आहे म्हटल्यावर त्यांनी मला सोडलंच नाही. कुणाची, कुठली, कुठं ठेवली आहे, सगळं विचारून घेतलं. मीही मूर्खासारखा रंगात येऊन सांगत गेलो. सासऱ्यांना ती दुधनीला न्यायची आहे पण वाटेत फुटेल म्हणून अडलंय, हेही सांगून बसलो. शेठ दिलदार माणूस. त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. म्हणाले, एवढंच ना? आपली मोटर आहे, गादीखाली स्प्रिंगा आहेत, ते स्वतः मांडीवर धरून नेतील आणि केसाएवढाही धक्का लागू देणार नाहीत. नंतरचाच रविवार त्यांनी ठरवूनही टाकला. त्याबदल्यात त्यांना फक्त बरणी हातात घेऊन बघायची होती.

ही आनंदाची बातमी मी घरी येऊन मामांना सांगितली. मामा भाकरी थापत होते. थापायचे थांबले.

"मोटर?" ते म्हणाले.

"स्प्रिंगांची."

"लई चांगलं झालं की."

"फारच चांगलं झालं," मी म्हणालो.

त्या दिवशी मामांची भाकरी जन्मात पहिल्यांदा करपली. माझा भात रोजच्यासारखाच झाला होता, त्यामुळे माझं काही बिनसलंय हे कोणाला कळायला वाव नव्हता. थोड्या वेळानं मामा म्हणाले की मोठ्या माणसाच्या मोटरीला उगाच कशाला तसदी. मी म्हणालो, अक्कलकोटकडचा रस्ताही फार खराब आहे म्हणे. मामा म्हणाले, व्हय, लई खराब. मग दोघंही आपापल्या चुली फुंकू लागलो, कारण यापुढे दोघांपैकी कोणीतरी खरं बोलावं लागलं असतं, आणि तेवढी आमची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामा बाहेर गेलेले असताना मी बरणी पुसण्यासाठी मामांच्या चुलीवरच्या फळीवरून उतरवायला गेलो. शेठनी बघायची म्हणजे ती स्वच्छ हवी. मी तिला गळ्याशी धरलं आणि उचललं. गळा वर आला. बरणी फळीवरच राहिली.

मी गळा हातात धरून उभा. गळ्याबरोबर त्या कोळ्याचं डोकं आणि एक खांदाही आला होता आणि तो माझ्याकडे शांतपणे बघत होता. आजपर्यंत ज्या बरणीला मामांनी उन्हापावसापासून जपलं, तिचा मी फडक्यानं खून केला होता! फुटलेल्या कडेला काहीतरी तांबूस, चिकट लागलेलं होतं. मी चित्रकलेचा मास्तर, वस्तूंचं बारीक निरीक्षण करायला शिकवणं हाच माझा धंदा. मी त्या कडेचं बारीक निरीक्षण केलं आणि ठरवलं की हा चटणीच्या तेलाचा जुना थर आहे.

मग मला खरी भीती कळली. अखंड बरणी न्यायला मोटर लागते, मुहूर्त लागतो, ऋतू बघावा लागतो. फुटक्या बरणीला काय लागतं? धोतराच्या सोग्यात खापऱ्या बांधल्या की संध्याकाळच्या गाडीनं माणूस मोकळा. मामांच्या राहण्याला कारणच उरणार नव्हतं. मी घाईघाईनं गळा पुन्हा वर ठेवला, झाकण लावलं आणि विचार करायला शाळेत गेलो.

चिनी माती जोडायला अंड्याचा पांढरा बलक आणि कळीचा चुना याच्यासारखं दुसरं काही नाही, हे मी कुठंतरी वाचलेलं होतं. चुना पानाच्या डबीत होता. अंडं मात्र आमच्या घराण्यात कोणी हातात धरलेलं नव्हतं. गल्लीच्या टोकाला खालाबींच्या कोंबड्या होत्या. मी जाऊन भिंतीकडे बघत मागणी केली. खालाबींनी पदर तोंडाला लावला.

"मास्टरसाब, तुमे अंडे खाने लगे?"

"खाने को नही, खालाबी. बरणी को होना."

"बरनी अंडा खाती?" त्या म्हणाल्या, आणि एकानं काय होतंय म्हणून त्यांनी दोन दिली. माझी तब्येत सुधारावी असं त्यांना बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं.

एक अंडं मी कोटाच्या खिशात ठेवलं, एक टोपीखाली. (दोन्ही खिशांत का नाही ठेवली, असं कोणी विचारील. दुसऱ्या खिशात चुन्याची डबी होती. मी फार विचारपूर्वक निघालो होतो.) घरात शिरतो तो दारातच मामा! सोमवार होता. ते सिद्धेश्वराच्या देवळातून आले होते आणि दर सोमवारी माझ्या कपाळाला विभूती लावल्याशिवाय ते आत जात नसत. त्यासाठी ते माझी टोपी मागं सरकवायचे.

"मामा, आज नको."

"का नको?"

मी मागं सरकलो, मामा पुढं सरकले. हल्लीची शिकलेली माणसं देवधर्म सोडतात हे त्यांनी ऐकलेलं होतं आणि तो रोग आपल्या घरात शिरू द्यायचा नाही असा त्यांचा निर्धार दिसला. त्यांनी माझ्या डोक्यावर तळहात ठेवून टोपी जोरानं मागं रेटली. आत काहीतरी चिरडल्याचा आवाज झाला. सगळा बलक माझ्या कानामागून मानेवर उतरला. मामांनी बोटाला लागलेलं पिवळं बघितलं, हुंगलं.

"हे काय हाय?"

"औषध," मी म्हणालो. "डोकं दुखतं म्हणून वैद्यानं दिलंय."

"लई घान वास हाय."

"औषधच ते."

मामांनी विभूती लावली. ती त्या औषधात कालवली गेली आणि माझ्या कपाळावर तिची उत्तम खळ झाली. खिशातलं अंडं वाचलं होतं. मामा पुन्हा बाहेर पडल्यावर मी चुना खलला, गळा बसवला, वाऱ्यावर वाळवला आणि बरणी जागेवर ठेवली. काम इतकं सफाईदार झालं होतं की मला स्वतःचा अभिमान वाटला.

तो फार टिकला नाही. शुक्रवारी सहज बघायला गेलो तर कोळ्याची काठी कोपरात मोडल्यासारखी वाकडी दिसत होती. शिवाय त्याच्या हनुवटीचा टवका उडालेला. म्हणजे माझं जोडकाम सरकलं! आता नुसतं जोडून भागणार नव्हतं, चित्रही दुरुस्त करायला हवं होतं, आणि चित्राच्या बाबतीत मी कोणाला हार जाणार नव्हतो. खडूची पूड आणि उरलेला बलक (त्याचा वास आता वैद्यालाही झेपला नसता) एकत्र करून मी टवका भरला. वरून निळा रंग दिला. वाकड्या काठीला वेलीची पानं काढून ती मुळात फांदीच होती असं करून टाकलं. दाढी मात्र काही केल्या जमेना. शेवटी तिथं झुपकेदार मिशा काढल्या. चीनचा तो माणूस आता आमच्या पेठेतल्या तालमीतल्या वस्तादासारखा दिसू लागला.

रात्री जेवताना मामांनी बरणीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी घास तोंडात धरून वाट बघत होतो. मग मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. म्हाताऱ्यांची नजर कमी होते ते बरंच असतं, असं मला वाटलं.

रविवारी मोटर आली. गल्लीतली पोरं आणि विणकर माग सोडून बाहेर आले. मामांचं गाठोडं दारात बांधून ठेवलेलं होतं. फार छोटं होतं ते. एवढ्याशा गाठोड्यानं माझ्या दोन्ही खोल्या इतके दिवस कशा भरून ठेवल्या होत्या, कोणास ठाऊक. मामांनी नवा पटका बांधला होता आणि ते गाठोड्याकडे बघत नव्हते. मी तर कुठंच बघत नव्हतो.

पेस्तनशेठ टोपी काढून फळीपुढे उभे राहिले. आधी त्यांनी बरणीला नखानं टिचकी मारली. चांगल्या चिनी मातीचा आवाज घंटेसारखा येतो म्हणे. आमच्या बरणीनं ‘थप’ असा आवाज केला. शेठचा चेहरा बदलला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, मग नाक जवळ नेलं, मग पुन्हा भिंग लावलं. कोळ्याच्या मिशांपाशी ते फार वेळ थांबले. दोन्ही हातांनी त्यांनी बरणी जेमतेम दोन बोटं उचलली, आतून कुरकुर ऐकू आली, आणि तापलेल्या तव्यासारखी त्यांनी ती खाली ठेवली.

"हे कोणी केला?" ते म्हणाले.

"मी," मी म्हणालो.

"मी," मामा म्हणाले.

दोघंही एकदमच बोललो. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

मग एकेक बाहेर आलं. मामांनी ती होळीच्या आधीच फोडली होती. शेंगाचटणी कुटली होती, पोरीच्या बरणीत भरून ठेवावी असं त्यांना वाटलं, आणि तेलकट हातातून निसटून गळा चुलीच्या काठावर आपटला. अडतीत पुरचुंड्यांवर मोहोर करायची लाख त्यांच्यापाशी होती, तिनं त्यांनी तो चिकटवला. म्हणजे मी बघितलेला चटणीचा थर तो लाखेचा! सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि चुलीच्या धगीवर लाख वितळली आणि गळा माझ्या हातात आला. मी तो अंड्यानं जोडला. मग मामांनी आपली लाख धरलीय का बघायला बरणी गळ्याशी धरून उचलली, गळा त्यांच्या हातात आला, कडेचा पांढरा चुना बघून त्यांना वाटलं लाखेला बुरशी आली. त्यांनी पुन्हा लाख लावली, त्यात गळा सरकला आणि काठी वाकडी झाली. वरून मी मिशा काढल्या. मामांनी मिशा बघितल्या होत्या. आपल्यालाच भ्रम झाला असं समजून ते गप्प बसले होते.

"बरनी फुटली म्हनल्यावर मी हितं कशाला बसलोय, असं कुनी म्हनलं असतं," मामा फळीकडे बघत म्हणाले. "म्हनून बोललो न्हाय."

मी तर तेवढ्यासाठीच अंडी डोक्यावर घेऊन आलो होतो.

शेठ खुर्चीवर बसून कपाळ पुसत होते. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, आणि त्यांचा आवाज अस्थी न्यायला आलेल्या माणसासारखा झाला होता. अखंड असता तर हा बरणी त्यांनी आपल्या बंगल्यात मधल्या कपाटात ठेवला असता आणि बाकीचे खाली उतरवले असते. फुटला असता आणि खापऱ्या तशाच ठेवल्या असत्या तरीही मुंबईला एक कारागीर आहे, तो तारेचे टाके घालून असा जोडतो की चार माणसांत मांडता येतो. किंमत उतरते, पण राहते. "पण तुम्ही दोघांनी दुरुस्त केला," ते म्हणाले. लाखेवर अंडं, अंड्यावर लाख, वर खडू, आणि मिशा! आता कडा खाल्ल्या गेल्या, खरं चित्र कुठलं आणि मास्तरचं कुठलं ते कळत नाही. आता तो धड अखंड नाही, धड फुटका नाही. कुठलाही शौकीन माणूस याला हात लावणार नाही.

"आनि मोटर?" मामांनी हळूच विचारलं.

"मोटर?" शेठ जवळजवळ ओरडलेच. "अरे मामा, हा फळीवरून खाली काढला तर भुगा होईल! उभा आहे तेच नशीब समज. याला आता जन्मात हलवू नको."

शेठ गेले. मोटरीच्या मागं पोरं धावली, विणकर मागांवर परतले. मामा अजून दारात उभेच होते.

"अंडं," ते म्हणाले. "ते अवषध."

"व्हय, मामा."

मामा वळले, गाठोडं उचललं आणि आतल्या खोलीत गेले. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. गाठोड्यात न मावलेली भांडी ते आता भरत असणार. बरणी गेली, त्यावर घरात अंडं आलं. एवढं झाल्यावर कोण राहील? मी दारात बसून राहिलो. रविवार होता. मला रविवारच नको वाटायचा. उद्यापासून गल्लीच्या तोंडाशी थांबायचं कारण नाही, हे मी मनाशी पाठ करत होतो.

बऱ्याच वेळानं मामांनी हाक मारली. बघतो तर त्यांनी आपली चूल कोपऱ्यातून उखडली होती. राखेनं हात भरलेले.

"हितं तिला धग लागती," बरणीकडे बोट करून ते म्हणाले. "लाख पुन्ना इतळंल. चूल तिकडं न्यायला पायजे."

तिकडं म्हणजे माझ्या चुलीपाशी. एका कोपऱ्यात दोन चुली मावेनात. मामांनी थोडा वेळ विचार केला आणि माझी चूल उचलून परसात नेऊन ठेवली. मग हात धुऊन म्हणाले, "अंडं बरनीच्या पोटात गेलं. मानसाच्या न्हाय गेलं न्हवं?"

"न्हाय, मामा."

"मग बस. भाकरी टाकतो."

त्या दिवसापासून माझ्या घरात माझी चूल राहिली नाही. सासऱ्यांच्या चुलीवर, सासऱ्यांच्या पिठाची, सासऱ्यांच्या हातची भाकरी मी दोन्ही वेळा खात असे. रिवाज शाबूत राहिला. मामांनी मरेपर्यंत माझ्या घरचा घास तोंडात घातला नाही. स्वतःच्या भाड्याच्या घरात घरजावई झालेला माणूस सोलापुरात मी एकटाच असेन. दुधनीहून पत्र आलं की मामा मला उत्तर लिहायला सांगायचे, बरणी हलवायची सोय नाही, पुढचं पुढं बघू.

मामा गेले तेव्हा त्यांचा पुतण्या आला. सगळं आटोपल्यावर मीच विषय काढला की काकांची बरणी आहे, तुमच्या घराची चीज आहे, न्यायला हवी. त्यानं फळीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "ही फुटकी बरनी कशाला न्यायची, मास्तर?"

मी म्हणालो, "न्या की. पण आज नको. ऊन फार आहे, उन्हात चिनी माती तडकते. जरा पाऊस पडू दे. तोवर राहा इथंच."

तो संध्याकाळच्या गाडीनं गेला.

बरणी अजून फळीवरच आहे. झाकण उघडलं तर आता वास येत नाही, किंवा माझं नाक गेलं असेल. तिची बाजारात काही किंमत नाही, हे मी जाणकाराच्या तोंडून ऐकलेलं आहे, म्हणून कोणी मागितली तर फुकट द्यायला तयार आहे. मात्र येणाऱ्यानं सवडीनं यावं. उन्हाळा, पाऊस, सुगी आणि गड्डा सोडून ती केव्हाही न्यायला हरकत नाही.